बॅटरी कारखाना वाढला, नोकऱ्या आल्या, पोरं का गेली? खान्देशातल्या एका प्लांटचं प्रकरण

हे प्रकरण खान्देशातल्या एका एमआयडीसीतलं आहे. कंपनीचं, गावाचं आणि माणसांची नावं काढून टाकलीत, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत. मी तेव्हा तिथं एचआरला होतो त्यामुळे हे लांबून पाहिलेलं नाही, आणि यातल्या दोन चुका सरळ माझ्याच आहेत, त्या त्या जागी सांगतोच.

पार्श्वभूमी

कंपनी लेड ॲसिड, म्हणजे शिश्याच्या बॅटऱ्या बनवते. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या आणि गेल्या काही वर्षांत जास्त करून ई-रिक्षाच्या. एका ई-रिक्षाला १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या लागतात आणि साध्या बॅटऱ्या फार वर्षं टिकत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येतं. मागणी वाढली तसं २०२१ च्या शेवटी मालकांनी ठरवलं की जुन्या शेडला लागून दुसरी लाईन टाकायची आणि पुढच्या टप्प्यात लिथियमचे पॅक जोडायची एक वेगळी रूम करायची. सेल बाहेरून आणायचे आणि पॅक इथं बांधायचा.

जागा आपल्याला खान्देशात कमी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे धुळ्यात एकमेकांना छेदतात, भुसावळसारखं जंक्शन हाताशी आहे, माल कुठंही धाडा. पण पोरं मात्र त्याच हायवेने आणि त्याच रेल्वेने बाहेर जातात. सुरतेत उधना, लिंबायतला जाऊन बघा, निम्मी गल्ली आपली अहिराणीच बोलते. उरलेले नाशिकला अंबड-सातपूर नाहीतर चाकणला. त्यामुळे घराजवळ कारखाना वाढतोय म्हटल्यावर पंचक्रोशीत काय हवा झाली असेल ते सांगायला नको.

भूमिपूजनाच्या दिवशी मालकांनी माईकवर सांगून टाकलं की अडीचशे लोकांना रोजगार मिळेल. टाळ्या पडल्या. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

अडचण पहिली: अडीचशे म्हणजे किती?

माझ्याकडे जो मॅनपॉवरचा तक्ता होता त्यात नवीन लेड लाईनला ८८ जागा आणि पॅक रूमला ३६, म्हणजे कंपनीच्या रोलवर १२४. लोडिंग, हाऊसकीपिंग, कॅन्टीन, सिक्युरिटी मिळून साठेक कंत्राटी. उरलेले ६६ कोण तर ट्रकवाले, गेटवरची चहाची टपरी, भंगार नेणारे, म्हणजे ज्याला कागदावर अप्रत्यक्ष रोजगार म्हणतात ते. हिशोब खोटा नव्हता, पण गावाने ऐकलं अडीचशे पोरं कामाला लागणार, पगारपत्रकावर.

त्यात नवीन लाईन जुन्यापेक्षा बरीच ऑटोमॅटिक होती. जुन्या शेडमध्ये प्लेटा हाताने रचून, पट्ट्या हाताने डागून सेल तयार व्हायचा, नवीन लाईनला ते काम सीओएस (कास्ट ऑन स्ट्रॅप) मशीन करतं, म्हणजे बॅटरीमागे माणसं कमीच लागतात. विस्तार दुप्पट म्हणून माणसं दुप्पट, असं होत नाही. हे माईकवर कोण सांगणार.

दुसरा घोळ ‘स्थानिक’ या शब्दाचा. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी सुपरवायझरच्या वर्गात ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत असा २००८ चा शासन निर्णय आहे, तो सरपंच नाना प्रिंट काढून घेऊन आले होते. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे कोल्हापूरचा पोरगाही आमच्यासाठी स्थानिकच. नानांच्या डोक्यात स्थानिक म्हणजे धुराड्याचा धूर ज्यांच्या शेतावर जातो ती पाच गावं. कायद्याने मी बरोबर होतो, पण मीटिंगमध्ये एक म्हातारे बाबा उठून म्हणाले, “ते सर्वं बराबर शे साहेब, पण आमना पोऱ्यास्ले काय भेटी?” आमच्या पोरांना काय मिळणार, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोणकोणते पर्याय होते

प्लांट हेडचं मत सरळ होतं. ठेकेदार लावा, तो बाहेरून पोरं आणेल, रूम करून ठेवेल, लाईन पहिल्या दिवसापासून पळेल. खर्च कमी आणि सुट्ट्यांची कटकट नाही. मी याच्या विरोधात होतो, पण तत्त्वाबित्त्वाने नाही. मूळ उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसं वर्षानुवर्षं चालवली की तो विषय कधी ना कधी अंगावर येतोच, आणि गेटवर पाच गावं बसली तर लाईन कितीही ऑटोमॅटिक असू द्या, ट्रक बाहेर निघत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे सगळे जवळचेच घ्यायचे, थेट रोलवर, शिकवत शिकवत काम करायचं. नानांना हेच पाहिजे होतं.

तिसरा म्हणजे आयटीआयची पोरं ॲप्रेंटिस म्हणून घ्यायची, वर्षभर शिकवायची आणि मग कायम करायची. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं त्यामुळे अकाउंट्सवाले खूश. पण लाईनला माणसं आत्ता पाहिजे होती आणि ॲप्रेंटिसला लेडच्या कामावर एकटं उभं करणं मला पटत नव्हतं.

शेवटी मधला रस्ता निघाला. २० किलोमीटरच्या आतली ६० टक्के पोरं आणि बाकी महाराष्ट्रातली, असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून ग्रामपंचायतीला दिलं. हे पत्र भूमिपूजनाच्या आधी द्यायला पाहिजे होतं. नंतर दिलं म्हणून ते दिलेल्या शब्दातून मागे सरकल्यासारखं दिसलं.

पहिली भरती आणि गळती

मे २०२२ मध्ये, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्या झाल्या, ६४ पोरं घेतली. मला वाटलं मुहूर्त एकदम बरोबर, कारण आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं वर्ष आखाजीलाच संपतं आणि आखाजीलाच नवीन ठरतं, म्हणजे लोक कामाची अदलाबदल याच वेळी करतात. पण मे महिना म्हणजे बाहेर ४४-४५ डिग्री आणि आत ग्रिड कास्टिंगला, म्हणजे प्लेटांच्या जाळ्या ओतायला, शिश्याचं भांडं धगधगतंय. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, पण कास्टिंगला भांडं त्याच्या बरंच वर ठेवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात तीन पोरं मशीनसमोर चक्कर येऊन बसली.

ऑगस्टअखेर ६४ पैकी २९ पोरं गेलेली होती.

प्लांट हेड म्हणाले, बघा, लोकल पोरांना काम नको असतं. हे वाक्य खान्देशात प्रत्येक मॅनेजरच्या तोंडी असतं आणि मला ते ऐकून ऐकून वीट आलाय. मी मोटारसायकल काढली आणि दोन आठवडे संध्याकाळी एकेकाच्या घरी गेलो. २९ च्या २९ जणांना भेटलो, वहीत लिहून घेतलं. ४ जण सैन्यभरतीच्या तयारीला गेले होते, त्याच जूनला अग्निपथ योजना जाहीर झालेली, ती पोरं पहाटे रस्त्यावर पळत होती. ५ जण पगाराच्या आकड्यावरून फसवल्यासारखं वाटून गेले. ९ जण रात्रीच्या जाण्यायेण्याला कंटाळून. आणि ११ जण शिश्याच्या भीतीने.

पगाराचं आधी उरकतो. आम्ही भरतीत सांगितलं १६,२२२, कारण कंपनीने भरायचा पीएफ-विम्याचा वाटा धरून कंपनीचा खर्च तेवढा होता. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १४,२००. त्यातून पीएफ १,४४०, ईएसआय (कामगार विमा) १०७, व्यवसाय कर २००, हातात १२,४५३. पोरगा घरी सोळा हजार सांगून आलेला, पहिल्या महिन्याला मेसेज बाराचा आला, बाप म्हणतो बाकीचे कुठं उडवले? त्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर जाऊन आलेला, घरचे आधीच म्हणत होते की दुसऱ्याच्या दारी कशाला, शेतात थांब. आता मी कुठंही गेलो तरी आधी हातातला आकडा सांगतो, फळ्यावर लिहून.

जाण्यायेण्याचं असं की दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटायची आणि शेवटची एसटी नऊला. दोन दोन, तीन तीन जण एका गाडीवर. जुलैमध्ये फाट्याच्या वळणावर रोही (नीलगाय) आडवा आला आणि एक पोरगा पडला, कॉलरबोन गेला. कंपनीची बस लावा म्हटलं तर उत्तर आलं की अर्धी रिकामी बस कोण फिरवणार.

शिश्याची भीती: इथं माझी पहिली चूक

लेडच्या कामात ठरावीक काळाने रक्तातलं शिसं तपासावं लागतं. जुलैत पहिली तपासणी झाली, लॅबवाला आला, रक्त घेऊन गेला, आठवड्याने चिठ्ठ्या वाटल्या. एका पोराच्या चिठ्ठीवर १९ आकडा होता, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात १९ मायक्रोग्रॅम शिसं. त्याने फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकला, खाली लिहिलं ‘अंगात शिसं भरलं भो’. दोन दिवसात तो फोटो पाचही गावात फिरला. १९ म्हणजे किती, जास्त की कमी, कुणाला काय माहीत, आणि सांगायला आमचंही कुणी गेलं नाही. कंपनीने ज्या आकड्याला माणूस त्या कामावरून हलवायचा ठरवलं होतं तो ३० होता, आणि तोही कुणाला सांगितलेला नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे या पोरांची कामाला लागण्याआधीची तपासणीच नव्हती. घाईत मी फक्त साधं मेडिकल आणि छातीचा एक्सरे करून घेतला होता, ब्लड लेड नंतर करू म्हणून सोडलं. त्यामुळे १९ पैकी कंपनीत आल्यावर किती वाढलं आणि आधीचं किती, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तो पोरगा आधी गॅरेजला जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम करायचा हे मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

मग फॅक्टरीच्या डॉक्टरांना घेऊन मारुतीच्या पारावर बसलो. डॉक्टरांनी फार मोठं भाषण नाही दिलं. शिसं कातडीतून फारसं जात नाही, ते धुळीतून नाकात आणि हातातून तोंडात जातं. उपाशी पोटी जास्त भिनतं. कपड्यावरून घरी जातं आणि लहान पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. मग त्यांनी एका पोराला विचारलं, तंबाखू कशी खातो दाखव. त्याने डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली, चिमूट तोंडात. डॉक्टर म्हणाले, पेस्टिंगवरून, जाळ्यांत शिश्याचा लेप भरून येऊन हे करतोस ना, मग तू चुन्याबरोबर शिसंही मळून खातोयस. पारावर एकदम शांतता झाली.

तेच म्हातारे बाबा परत उठले, “डॉक्टर, तुमना पोऱ्याले धाडशात का तठे?” डॉक्टर म्हणाले, धाडीन, पण तो तंबाखू खात असेल तर नाही धाडणार.

काय बदललं

त्यानंतर जे केलं त्यातलं बरंचसं आधीच करायला पाहिजे होतं. रुजू होण्याआधी ब्लड लेड, आकडा पोराला समोर बसवून समजावून सांगायचा. प्रत्येकाला दोन लॉकर, एक घरच्या कपड्यांचा आणि एक कामाच्या, मधे अंघोळ. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, कंपनीच धुणार. गेटवर एक लाकडी खोकं ठेवलं, नाव लिहून तंबाखूची पुडी त्यात टाकायची आणि जाताना घ्यायची. पहिल्या पाळीला मशीन सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं पोहे नाहीतर उपमा आणि एक केळं, आणि ती पंधरा मिनिटं पगारी. याला प्रोडक्शनवाल्यांनी फार विरोध केला. आधी आम्ही बऱ्याच बॅटरी कारखान्यांसारखा गूळ वाटायचो, गुळाने शिसं उतरतं असा एक समज आहे, पण पोट भरलेलं असणं आणि हात धुणं हे त्याच्यापेक्षा कितीतरी कामाचं. गूळही बंद केला नाही, कशाला उगाच कुणाचं मन मोडा.

बसच्या ऐवजी गावातल्याच दोघांच्या क्रूझर महिन्याच्या भाड्याने लावल्या. रिकामी फिरली तरी बसएवढा खर्च नाही, आणि ड्रायव्हर गावचाच असल्याने कोण पोरगा आज का नाही आला हे मला फोनच्या आधी कळायचं.

आणि सुरत-चाकणहून परत येऊ बघणारी १४ माणसं शोधून घेतली. बॅटरीचं काम कुणालाच येत नव्हतं, कुणी लूमवर होता, कुणी प्रेसशॉपला. पण पाळी, टार्गेट, सुपरवायझरच्या शिव्या हे सगळं अंगवळणी पडलेलं. नवीन पोरांच्या डोक्यावर असा एकेक बसवला. गळती जी थांबली ती मुख्य याने, असं माझं मत आहे. फक्त त्यांना अडीच हजार जास्त दिले होते आणि ते लपून राहिलं नाही, त्यावरून कुरबुर वर्षभर चालली.

कानबाईचा सोमवार: दुसरी चूक

ऑगस्टमधली गळती चालू असतानाच हे झालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. प्रसादाचे रोट त्या घरच्या माणसांनी, भाऊबंदांनीच खायचे असतात, त्यामुळे माणूस कुठंही असो घरी येतो, सुरतेहून गाड्या भरभरून येतात. ८ ऑगस्ट २०२२, सोमवार, दुसऱ्या पाळीला २६ पैकी ७ जण आले. क्युअरिंगमधून, म्हणजे मुरवून निघालेल्या प्लेटा तशाच पडल्या, फॉर्मेशनला म्हणजे पहिल्या चार्जिंगवर लावलेल्या बॅटऱ्या बघायला जुन्या शेडमधून माणसं ओढावी लागली.

प्लांट हेड बाहेरचे, त्यांना हा सण माहीतच नव्हता. त्यांनी १९ नोटिसा काढायला सांगितल्या. मी जळगाव जिल्ह्यातला, माझ्या स्वतःच्या घरी कानबाई, मी स्वतः सोमवारी अर्धी सुट्टी टाकलेली आणि तरी मी सही केली. मला तेव्हा कॅलेंडर घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जायला पाहिजे होतं, महिनाभर आधी. पुढच्या आठवड्यात सहा जणांनी काम सोडलं, घरी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी शिसं, पगार, गाडी अशी कारणं सांगितली म्हणून ते माझ्या वहीत त्या त्या खात्यात आहेत, पण नोटीस मिळाली नसती तर त्यातले दोनतीन तरी राहिले असते.

पुढच्या वर्षी साप्ताहिक सुट्टी अदलाबदल करून तो सोमवार बंद ठेवला. फॉर्मेशनचा लोड शनिवारीच आटोपता घेतला. काही अवघड नव्हतं.

पॅक रूम आणि बाया

लेडच्या कामात बायांना आणि अल्पवयीनांना ठेवायला तेव्हा कारखाना नियमांत मनाई होती, त्यामुळे पहिल्या टप्प्यात गावातल्या बायांसाठी काहीच नव्हतं आणि बचत गटाच्या ताई मला दर मीटिंगला ऐकवायच्या. लिथियमच्या रूममध्ये लेडचा संबंध नाही, म्हणून ती वेगळ्या इमारतीत, वेगळ्या गेटने केली आणि तिथं मुद्दाम बायाच घ्यायचं ठरवलं. पाळी एकच, सकाळी आठ ते साडेचार.

काम बारीक असतं. एकेक सेल मीटरला लावून व्होल्टेज आणि आतला रेझिस्टन्स बघायचा, सारखे सारखे सेल एका गटात, ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक. एक सेल वेगळ्या स्वभावाचा निघाला की सगळा पॅक लवकर म्हातारा होतो. शिकवायला आयटीआयचे निदेशक आले होते, ते म्हणाले या बाया डाळ निवडतात तशा सेल निवडतात, त्यांना वेगळं काय शिकवू.

अडचण आली दागिन्यांची. जोडलेल्या पॅकवर वाकल्यावर गळ्यातलं मंगळसूत्र लोंबतं आणि दोन टर्मिनलला टेकलं तर तिथंच शॉर्ट, ठिणगी, भाजणं. सेफ्टी ऑफिसरने फळ्यावर लिहिलं, धातूचे दागिने काढून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी ३६ पैकी २२ जणी आल्याच नाहीत. सासवांनी पाठवलं नाही. मग एका ताईनेच उपाय काढला, नुसत्या काळ्या मण्यांची दोऱ्यात ओवलेली पोत, सोनं नाही, वाट्या नाहीत, आणि वरून बंद गळ्याचा ॲप्रन. काचेच्या बांगड्याही बाहीच्या आत. बांगडी फुटून काच पॅकमध्ये पडायची भीती म्हणून बाहीला इलास्टिक लावलं. सेफ्टी ऑफिसरने मान्य केलं. ही गोष्ट ताईंना आधी विचारली असती तर ते दोन दिवस वाया गेले नसते.

कुठवर आलं

मार्च २०२४ ला लेड लाईनच्या ८८ जागांपैकी ८१ भरलेल्या होत्या आणि त्यातली ५८ माणसं २० किलोमीटरच्या आतली. पॅक रूमला ३६ च्या ३६, सगळ्या जवळच्या. तिथून वर्षभरात तिघी गेल्या, दोघी लग्न होऊन आणि एक नवऱ्याची बदली झाली म्हणून, त्यांच्या जागी लगेच दुसऱ्या आल्या. कंत्राटी साठच्या आसपासच राहिले. अडीचशेचा आकडा काही झाला नाही आणि नाना अजूनही भेटले की त्याच आकड्यावरून सुरुवात करतात.

परत करायचं झालं तर

भरती मे मध्ये करणार नाही. ऑक्टोबरमध्येही नाही, तेव्हा कापूस वेचणी असते, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा, उन्हाळा येईपर्यंत पोरं मशीनला आणि मशीन पोरांना रुळतात. उन्हाळ्यात कास्टिंग रात्री चालवायचं, हे आम्ही दुसऱ्या वर्षी केलं आणि चक्कर येणं बंद झालं. आणि मालकांना माईक देण्याआधी मॅनपॉवरचा तक्ता त्यांच्या खिशात ठेवायचा.

एक गोष्ट मात्र सुटलीच नाही. लेडच्या कामावर महिन्याला ८०० रुपये जास्तीचा अलाउन्स आहे. ज्याच्या रक्तातला आकडा ३० च्या वर जातो त्याला डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या खात्यात हलवतात, आणि हलवलं की ८०० बंद. दुसऱ्या वर्षी पाच जणांना असं हलवलं. त्यानंतर तपासणीच्या दिवशी पोरं गैरहजर राहायला लागली. एक जण तर मला म्हणाला, “दादा, बाईकचा हप्ता चालू आहे, माझं रक्त पुढच्या महिन्यात घ्या ना.” म्हणजे जो पैसा धोक्याचा म्हणून दिला तोच पैसा धोका लपवायला लावत होता. हलवल्यावरही सहा महिने ८०० चालू ठेवा असा प्रस्ताव मी दिला होता, पाच जणांचे महिन्याला चार हजार, कंपनीला एवढं काहीच नाही. त्यावर एकाच ओळीचा शेरा आला, मग सगळेच डिस्पॅच मागतील. मी नोकरी सोडली तेव्हा ती फाईल तिथंच होती आणि पुढच्या तपासणीची तारीख लागलेली होती.